भिंतीपलीकडचा टीव्ही

आपल्या रेडिओवर मी एरवी बचतीबद्दल, हप्त्यांबद्दल, बँकेच्या कागदपत्रांबद्दल बोलते. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. टीव्हीच्या वायरचा. हसू नका. मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत आम्हीही हसलो होतो, आणि नंतर मला त्या हसण्याची लाज वाटली. म्हणून हा विषय.

झालं असं की, आमच्या गटातल्या एका काकूंनी दीड हजार रुपये कर्ज मागितलं. कारण काय लिहिलं? टीव्हीचा बूस्टर. शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, मुलीच्या फीसाठी कर्ज मागतात. बूस्टरसाठी कुणी मागितलं नव्हतं. एक जण म्हणाली, "काकू, चुलीपर्यंत टीव्ही कशाला हवा?" सगळ्या हसल्या. काकू शांतपणे म्हणाल्या, "अगं, गेली तीस वर्षं मी टीव्ही ऐकतेय. आता बघायचाय."

बैठक गप्प झाली. कारण हे आपल्या सगळ्यांचंच आहे. टीव्ही पुढच्या खोलीत. बातम्यांची वेळ भाकरीची, मालिकेची वेळ भांड्यांची. 'आमची माती आमची माणसं' लागतं तेव्हा घरातले पुरुष बघतात, आणि त्याच रानात दिवसभर खुरपून आलेली बाई भिंतीपलीकडून ते ऐकते. कुठल्या रोगाचं पान कसं दिसतं हे ऐकून कसं कळणार?

काकूंच्या मुलाने जुना टीव्ही स्वयंपाकघरात आणून ठेवला होता. वायरही ओढून दिली होती. पण चित्र नीट येईना. मध्येच थांबायचं, चौकोनी तुकडे पडायचे. चटणी वाटायला मिक्सर लावला की टीव्ही बंदच. एकाने बूस्टर बसवून दिला, मग दुसऱ्याने त्याहून मोठा. पैसे गेले, चित्र आणखी बिघडलं. आता तिसरा बूस्टर घ्यायचा होता. मी त्या दिवशी अर्ज पुढच्या बैठकीवर ढकलला. खरं सांगायचं तर मनातून मी 'नाही' म्हणून मोकळी झाले होते.

घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून मी या वायरचा इतिहास शोधायला बसले. आणि मैत्रिणींनो, या इतिहासाच्या सुरुवातीलाच मला एक बाई भेटली.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगॉन राज्यात अ‍ॅस्टोरिया नावाचं मासेमारीचं गाव आहे. कोलंबिया नदी समुद्राला मिळते तिथं, डोंगराच्या उतारावर वसलेलं. तिथं एड पार्सन्स नावाचे गृहस्थ छोटं रेडिओ केंद्र चालवायचे. १९४७ साली शिकागोला रेडिओवाल्यांची परिषद होती. एड आणि त्यांची पत्नी ग्रेस तिथं गेले. ग्रेसने तिथं टीव्ही पाहिला आणि तिच्या मनाने घेतलं, आपल्या घरी हे यंत्र पाहिजे.

पण गावात टीव्हीचं प्रक्षेपण पोहोचतच नव्हतं. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये सिअ‍ॅटल शहरात टीव्ही केंद्र सुरू होणार होतं, तेही अ‍ॅस्टोरियापासून सुमारे २०० किलोमीटर लांब, मध्ये डोंगर. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. डोंगर मध्ये आला की पलीकडे सावली पडते, जशी उन्हाची पडते. आपल्यापैकी ज्यांची गावं डोंगराच्या कुशीत आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

एड यांनी काय केलं? लहरींची ताकद मोजायचं यंत्र घेऊन ते गावभर हिंडले. कुठं काहीच नाही, कुठं थोडंसं, असं शोधत गेले. आणि सापडलं कुठं, तर त्यांच्या घरासमोरच्या उंच हॉटेलच्या छतावर. तिथं त्यांनी अँटेना उभा केला, लहरींचा जोर वाढवणारं यंत्र लावलं आणि तिथून रस्त्यावरून केबल ओढून आपल्या घरात आणली. ग्रेसचा टीव्ही सुरू झाला.

पुढचं ऐकून तुम्हाला आपल्या गावाची आठवण येईल. बातमी पसरली आणि गाव त्यांच्या घरी लोटलं. रोज माणसं. बसायला जागा नाही, घर घराचं राहिलं नाही. मग एड यांनी तीच केबल हॉटेलच्या दर्शनी दालनात नेली, म्हणजे लोक तिकडे जातील. तिथंही गर्दी मावेना. मग वाद्यांच्या दुकानाच्या काचेमागे टीव्ही ठेवला, तर बघ्यांनी रस्ता अडला. शेवटी एकच उपाय उरला : ज्याला पाहिजे त्याच्या घरापर्यंत केबल न्यायची. एक अँटेना, एक जोर वाढवणारं यंत्र आणि घरोघर वाटणी. १९४९ च्या सुरुवातीला अ‍ॅस्टोरियात ही वाटणी चालू झाली. त्याच काळात अमेरिकेच्या पूर्वेकडे पेनसिल्व्हेनियातल्या डोंगराळ गावांमध्येही लोकांनी टेकडीवर अँटेना लावून खालच्या वस्तीत वायरी नेल्या. पहिलं कोण, यावर तिकडे वाद आहे. पण मुद्दा एकच. आपण ज्याला 'केबल' म्हणतो तिची सुरुवात शहरांत झाली नाही. जिथं लहरी पोहोचत नव्हत्या अशा आडबाजूच्या गावांत झाली. आणि अ‍ॅस्टोरियातली सुरुवात एका बाईच्या हट्टाने झाली. स्मारकावर नाव एड यांचं आहे. हट्टाचं स्मारक कुणी बांधत नाही.

आता ही केबल म्हणजे काय ते बघू. तुमच्या घरी केबलचा तुकडा पडला असेल तर कापून बघा. मधोमध एक तार. तिच्याभोवती पांढरा जाड थर. त्यावर तारांची जाळी किंवा चंदेरी पत्रा. आणि वरून काळं आवरण. चार पदर. ही रचना फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड नावाचा माणूस होता. सोळाव्या वर्षी शाळा सोडलेला, तारखात्यात काम केलेला, बाकी सगळं घरी बसून स्वतःच शिकलेला. त्याने १८८० मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. तेव्हा टीव्ही नव्हता, रेडिओही नव्हता.

यातली युक्ती जाळीत आहे. मधल्या तारेतून आपला सिग्नल जातो आणि भोवतीची जाळी बाहेरची गडबड आत येऊ देत नाही. मिक्सरची ठिणगी, मोटारसायकलची ठिणगी, खराब ट्यूबचा चोक, शेजारून जाणारी लाइटची वायर, हे सगळे आपापल्या लहरी हवेत सोडत असतात. जाळी त्यांना दारातच अडवते. पण दुधाच्या पातेल्यावरचं झाकण जरासं सरकलं तरी मांजराला तेवढं पुरतं, तसंच इथेही. जाळी एका ठिकाणी जरी तुटली, सांधा उघडा राहिला, की गडबड तिथून आत शिरते. हे लक्षात ठेवा, काकूंच्या घरी याचं काम पडणार आहे.

आता आपल्या देशात येऊ. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला टीव्हीचं प्रक्षेपण सुरू झालं, प्रयोग म्हणून. तेव्हा घरोघर टीव्ही नव्हतेच, चार लोकांनी मिळून बघायचे सार्वजनिक संच होते. २६ जानेवारी १९६७ ला 'कृषिदर्शन' सुरू झालं, ते दिल्लीजवळच्या ८० गावांसाठी. मुंबईला दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्याच वर्षी सिंहगडावर केंद्र उभारून मुंबईचे कार्यक्रम पुण्याकडे पोहोचवले. गडच का निवडला ते आता तुम्हीच सांगाल. उंचावरून लांबपर्यंत दिसतं म्हणून. शिवकाळात ज्या कारणासाठी गड हवा होता, त्याच कारणासाठी.

१९७५ मध्ये एक मोठा प्रयोग झाला. अमेरिकेचा एक उपग्रह आपल्याला वर्षभरासाठी वापरायला मिळाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत थेट उपग्रहावरून कार्यक्रम दाखवले गेले. त्यात राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक ही राज्यं होती, महाराष्ट्र नव्हता. गावात शाळेत किंवा पंचायतीत एक टीव्ही आणि बाहेर तीन मीटर रुंदीची छत्री. ती छत्री कशाची होती ठाऊक आहे? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची! आज घरांवर दिसणाऱ्या छत्रीची ही थोरली बहीणच म्हणायची.

आमच्या भागात टीव्ही आला तो त्यानंतर. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा आपला उपग्रह सोडला गेला, आणि १९८४ या एका वर्षात देशभर शंभरावर छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली. उपग्रहावरून कार्यक्रम घ्यायचा आणि आसपासच्या वीसेक किलोमीटरमध्ये पसरवायचा, हे त्यांचं काम. मग जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे हे तुम्ही घरच्यांकडून ऐकलं असेल. माझी आई तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती. गावात टीव्ही मोजून दोन. ज्यांच्या घरी होता त्यांच्या ओसरीत पुरुष आणि मुलं, अंगणात म्हाताऱ्या, आणि सुना? सुना खिडकीशी उभ्या. आई सांगते, "मला राम कधी पूर्ण दिसलाच नाही. धनुष्य दिसायचं नाहीतर मुकुट. बाकी आवाज." अ‍ॅस्टोरियात घर भरलं म्हणून घरोघर केबल गेली. आमच्याकडे घर भरलं तर बायका खिडकीशी सरकल्या.

त्या काळचा अँटेना आठवतो का? छपरावर पाइप, पाइपवर आडव्या काड्या, माशाच्या काट्यासारख्या. एक जण वर, एक जण दारात, एक जण टीव्हीसमोर. "आला का?" "नाही!" "आता?" "जरा होता, गेला!" हा खेळ माझ्या लहानपणापर्यंत चालू होता. तो अँटेना जपानचा. १९२६ मध्ये सेंदाई शहरातल्या विद्यापीठात शिंतारो उदा यांनी त्यावर मेहनत केली. त्यांचे वरिष्ठ होते हिदेत्सुगु यागी. त्यांनी ते काम इंग्रजीतून जगापुढे मांडलं आणि अँटेनाला नाव पडलं 'यागी'. राबायचं एकाने आणि नाव दुसऱ्याचं, हे आपल्याला काही नवीन नाही. आता काही जण 'यागी-उदा' म्हणतात, तेवढं बरं.

त्या काड्यांना अर्थ होता. ज्या काडीला वायर जोडलेली असते ती लहरी पकडते. तिच्या मागची जराशी लांब काडी आरशासारखी लहर परत फिरवते. पुढच्या आखूड काड्या लहर ओढून आणतात. म्हणून आखूड काड्यांचं तोंड प्रक्षेपण केंद्राकडे पाहिजे. आमच्याकडे कित्येक घरांवर तो उलटाच लावलेला होता!

आणि त्यातून अँटेनापासून टीव्हीपर्यंत यायची ती चपटी वायर, दोन तारांची, मध्ये पातळ पट्टी. स्वस्त होती, पण तिला जाळी नव्हती. पत्र्याला टेकली की सिग्नल गेला. पावसात भिजली की गेला. लाइटच्या वायरबरोबर बांधली की पडद्यावर आडवे पट्टे. रस्त्यावरून जुनी मोटारसायकल गेली की पडद्यावर मुंग्याच मुंग्या. आणि डोंगराखालच्या गावांत माणसाच्या शेजारी त्याचीच फिकट सावली दिसायची. आमची आजी म्हणायची, भूत आहे. ते भूत म्हणजे कड्यावर आपटून जरा उशिरा पोहोचलेली तीच लहर. सरळ आलेल्या लहरीचं चित्र आधी उमटायचं, उशिरा आलेलीचं जरा बाजूला.

पुढे केबल आली. मुंबईच्या इमारतींत १९८० नंतरच्या दशकात व्हीसीआरवरून घरोघर सिनेमे दाखवणं सुरू झालं होतं. १९९१ च्या आखाती युद्धानंतर छत्र्या लावून परदेशी वाहिन्या दाखवणारे केबलवाले वाढले. १९९५ मध्ये त्यासाठी कायदा झाला. हळूहळू तालुक्याच्या गावापासून वाड्या-वस्त्यांपर्यंत काळी केबल पोहोचली, झाडांवरून, खांबांवरून, आपल्या कपडे वाळत घालायच्या तारेवरूनसुद्धा. आणि घराघरात एक नवा प्रश्न आला. घरात आलेली एक वायर दोन टीव्हींना कशी द्यायची? म्हणजे अ‍ॅस्टोरियाचा जो प्रश्न गावाचा होता, तो आता एका घरात शिरला.

वाटणीसाठी असते ती छोटी डबी, स्प्लिटर. एका बाजूने वायर आत, दुसऱ्या बाजूने दोन, तीन किंवा चार बाहेर. पाटाचं पाणी दोन वाफ्यांना सोडलं की प्रत्येकाला निम्मं येतं ना? तसंच. दोनांत वाटलं तर प्रत्येकाला निम्म्याहून जरा कमीच, कारण डबीही थोडं खाते. चारांत वाटलं तर पावसुद्धा पुरतं नाही. आणि पुन्हा एक वेगळी गोष्ट. चार तोंडांची डबी लावली आणि दोनच तोंडं वापरली, तरी वाटा चारांतच होतो. उघड्या तोंडाकडे गेलेला सिग्नल तिथून आपटून मागे फिरतो आणि बाकीच्यांना त्रास देतो. त्यासाठी एक छोटी टोपी मिळते, ती उघड्या तोंडावर घट्ट बसवायची. नाहीतर मुळात गरजेपुरत्या तोंडांचीच डबी घ्यायची.

मग बूस्टर कशासाठी? तो जोर वाढवतो, हे खरं. पण जे येईल त्याचा वाढवतो. गढूळ पाणी मोटारीने वरच्या टाकीत चढवलं म्हणून निवळत नाही. सिग्नलमध्ये गडबड मिसळली असेल तर बूस्टर गडबडही तेवढीच मोठी करतो. म्हणून तो चांगला सिग्नल जिथं मिळतो तिथं, वाटणीच्या आधी लावायचा असतो. एड पार्सन्सनी हॉटेलच्या छतावर अँटेनापाशीच लावला तो याच कारणासाठी. घरात टीव्हीच्या मागे शेवटी लावलेला बूस्टर बहुतेक वेळा उपयोगाचा नसतो. आणि मुळात जोर पुरेसा असताना लावला तर तो जास्त होऊनही चित्र बिघडतं.

या सगळ्यानंतर मी काकूंच्या घरी गेले. बरोबर आमच्याच गटातल्या एकीची सून, आयटीआयमध्ये वीजतंत्रीचं शिकलेली. काकू म्हणाल्या, "हिला काय कळणार?" तिने काही उत्तर दिलं नाही. केबल जिथून घरात येते तिथून हात लावत लावत निघाली.

पहिली सापडली माळ्यावरची डबी, चार तोंडांची, दोन उघडी. दुसरा सापडला सांधा. वायर पुरली नाही म्हणून मध्ये दोन तुकडे पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली. जाळी एकीकडे, तार एकीकडे. झाकण सरकलेलं पातेलं तेच. तिसरं म्हणजे तिथून पुढे ती वायर मिक्सरच्या बोर्डाच्या वायरबरोबर एकाच खिळ्यांनी ठोकत आणलेली. आणि चौथं, एकामागे एक दोन बूस्टर, टीव्हीच्या पाठीशी.

तिने दोन्ही बूस्टर काढले. आधी मुख्य वायर थेट स्वयंपाकघरातल्या बॉक्सला लावून बघितली. चित्र लख्ख. म्हणजे बाहेरून येणारा सिग्नल चांगलाच होता, बिघाड घरातल्या वाटणीत होता. मग दोन तोंडांची डबी, चांगल्या जाळीची बारा मीटर अखंड वायर, दोन्ही टोकांना नीट दाबून बसवलेले जोड. वायर लाइटच्या वायरपासून हातभर लांबून नेली, जिथं ओलांडावीच लागली तिथं आडवी ओलांडली, शेजारून नेली नाही. खर्च किती झाला असेल? चारशेच्या आत. काकूंनी तो आपल्या पिशवीतून दिला. कर्जाचा अर्ज त्यांनी स्वतःच फाडला. आणि मग मिक्सर लावून बघितला. टीव्ही चालूच राहिला.

आता यात सगळं गोड झालं असं नाही. वस्तीवरची लाइट गेली की खांबावरचं जोर वाढवणारं यंत्र बंद पडतं आणि केबल जाते, इन्व्हर्टर असला तरी. ते आपल्या हातात नाही. आणि काकूंचे यजमान अजून म्हणतात, "आता जेवण उशिरा होतं." होतंही असेल. काकू म्हणतात, "पंधरा मिनिटांनी काही बिघडत नाही."

ज्यांच्याकडे केबल नाही, छत्री आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. खासगी छत्री आपल्याकडे २००३ मध्ये आली आणि महिन्याचा आकार नसलेली दूरदर्शनची छत्री डिसेंबर २००४ मध्ये. छत्रीची वायर ही केबलच्या वायरसारखीच दिसते, पण तिची वागणूक वेगळी आहे. तिच्यातून सिग्नल खाली येतो आणि बॉक्सकडून वीज वर जाते. छत्रीच्या तोंडाशी जो डबा असतो त्याला ती वीज लागते, आणि कोणत्या बाजूच्या वाहिन्या हव्यात ही सूचनाही बॉक्स त्याच वायरीतून वर पाठवतो. त्यामुळे केबलची साधी डबी लावून एका छत्रीवर दोन बॉक्स नीट चालत नाहीत. एक बॉक्स एक सूचना देतो, दुसरा दुसरी, आणि डबा गोंधळतो. त्यासाठी दोन तोंडांचा डबा घ्यावा आणि प्रत्येक बॉक्सला वेगळी वायर आणावी. छत्री मात्र तीच चालते. मुसळधार पावसात चित्र जातं ते मात्र वायरीमुळे नाही, पावसाचे थेंबच लहरी अडवतात. पाऊस ओसरला की येतं. त्यासाठी कुणी नवी वस्तू विकायला आलं तर घेऊ नका.

आणि काळजी घ्या. छपरावरचा लोखंडी पाइप विजेच्या तारांपासून लांब ठेवा, उभा करताना तो तारेवर पडणार नाही एवढं अंतर ठेवूनच उभा करा. ओल्या पत्र्यावर चढू नका. विजा कडाडत असतील तर टीव्हीची पिन आणि केबल दोन्ही काढून ठेवा. सिग्नलची वायर जोडताना आधी बॉक्स आणि टीव्ही बंद करा. लाइटच्या बोर्डाचं काम वायरमनकडूनच करून घ्या.

कुणी येऊन म्हणालं, "ताई, बूस्टर लागेल," तर त्याला एक काम सांगा. "आधी डबी काढ आणि मुख्य वायर थेट लावून दाखव." चित्र चांगलं आलं तर बिघाड घरातल्या वाटणीत आहे, आणि तो दोन-चारशे रुपयांत जातो. थेट लावूनही खराब असेल तर बिघाड बाहेर आहे, मग केबलवाल्याला बोलवा, तुमचे पैसे घालू नका. ही एक कसोटी काकूंना आधी माहीत असती तर दोन बूस्टरचे पैसे वाचले असते.

मैत्रिणींनो, मी गटाची समन्वयक आहे. अर्ज बघून कारण योग्य की अयोग्य हे ठरवायची मला सवय लागली आहे. काकूंचा अर्ज मी 'चैन' या खान्यात टाकला होता. अ‍ॅस्टोरियातल्या ग्रेसचा हट्ट कुणी चैन म्हणून बाजूला सारला असता, तर त्या गावाला कितीतरी वर्षं अंधारातच राहावं लागलं असतं. पंचाहत्तर वर्षांत लहरी डोंगर ओलांडून आल्या, उपग्रहावरून आल्या, खांबांवरून दारापर्यंत आल्या. दारापासून चुलीपर्यंतचं दहा-बारा मीटरचं अंतर मात्र सगळ्यात उशिरा ओलांडलं गेलं. त्याला कारण तंत्र नव्हतं. वायर कुठल्या खोलीत न्यायची हे ठरवताना आपल्याला कुणी विचारलं नव्हतं आणि आपणही सांगितलं नव्हतं, एवढंच.

परवा बैठक काकूंकडे होती. स्वयंपाकघरात आम्ही नऊ जणी, पोह्यांची तयारी, आणि टीव्हीवर तुरीवरच्या अळीचं चित्र. काकू हात पुसत पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "हीच ती! आमच्या रानात हीच होती. मी ऐकलं होतं नाव, पण तोंड आज बघितलं."

तुमच्या घरी टीव्ही कुठल्या खोलीत आहे, आणि तो तुम्ही बघता की ऐकता, हे पुढच्या बैठकीत एकमेकींना जरूर विचारा. आज एवढंच. पुन्हा भेटू. नमस्कार.